ठिपकेवाले आकडे धरू नयेत

त्या बुधवारी बाबा साडेअकराला प्रयोगशाळेत आले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा बुधवार कधी चुकला नव्हता. पूर्वी ते कोळशाचे नमुने तपासायला यायचे. गेल्या आठ महिन्यांत त्यांच्याकडे एकही नमुना आला नव्हता, तरी ते यायचे. सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसायचे, तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट आहे का बघायचे, नमुने घासून देणाऱ्या पॉलिशवाल्या काकांबरोबर चहा प्यायचे आणि दोनच्या बसने घरी जायचे.

माझं टेबल खिडकीपाशी आहे. ते मागून येऊन उभे राहिले तेव्हा मी संगणकावर होते.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र, बाई?"

"यंत्र म्हणतंय, बाबांनी चहा कमी करावा."

"त्याला म्हणावं, आधी स्वतः एक कप पिऊन दाखव."

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं. राळेत बसवलेला कोळशाचा तुकडा होता, बाटलीच्या बुचाएवढा गोल, वरची बाजू आरशासारखी घासलेली. त्याच्यावर त्यांनी एक बंद पाकीट ठेवलं. पाकिटाच्या झाकणावर आडवी सही.

"कुठला हा?"

"तुझ्या सात नंबरच्या बोअरचा. सहाशे चाळीस मीटर. आणि चुरा नाही बरं का, गाभा आहे. खडकातून अख्खा कापून काढलेला पट्टा, बोटाच्या पेराएवढा."

"गाभा? तो तर नव्हताच ना?"

"होता. गोदामात चुकीच्या पेटीत पडला होता. मी मोजलाय. आता तू मोज."

पाकीट कशासाठी ते मला विचारायची गरज नव्हती. एका नमुन्याची मोजणी दोघांनी करायची, एकाने दुसऱ्याचे आकडे बघायचे नाहीत. पहिल्याचा कागद पाकिटात बंद. दुसऱ्याचे शंभर आकडे पूर्ण झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. मी शिकत होते तेव्हापासून आमचा हा नियम. घरीही आम्ही तो चालवायचो. बरणीत किती बटणं आहेत, पाहुणे किती वाजता उठतील, असल्या गोष्टींची पाकिटं स्वयंपाकघरात पडलेली असायची. आई म्हणायची, हे दोघं एक दिवस मलाही पाकिटात घालून सही करतील.

"उद्या बघते, बाबा. आज अहवालाची शेवटची प्रत मॅडमकडे द्यायचीय."

"मग हे बघूनच दे की."

"उद्या."

"बरं, उद्या तर उद्या. दगड कुठे पळून जातोय!"

ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि वळून म्हणाले, "तेल मात्र नवं घाल. बाटलीतलं पिवळं पडलंय."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, दारापाशी स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधताना ते कलंडले. आईने स्वयंपाकघरातून बूट घालायची पट्टी खाली पडल्याचा आवाज ऐकला. पट्टी पितळेची आहे, तिचा आवाज मोठा होतो. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. उजव्या बुटाची नाडी बांधून झाली होती, डाव्याची राहिली होती.

पुढच्या पंधरा दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मी दाखले आणले, फोन घेतले, लोकांना बसायला खुर्च्या दिल्या. कोणी विचारलं की सांगायचे, बसल्याबसल्या, हो, एकदम, नाही, त्रास झाला नाही. दातांचा डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं होतं. चावलं जातंय हे कळतं, दुखत नाही. मी रडले नाही. मामा आईला हळूच म्हणाला, "पोरगी खंबीर आहे हो." आईने माझ्याकडे बघितलं.

सोळाव्या दिवशी मी कामावर गेले. तुकडा आणि पाकीट खणात होते. मी खण उघडला आणि परत लावला. असं आठवडाभर चाललं.

मी का टाळत होते ते समजायला आमचं काम थोडं सांगावं लागेल. जुन्या दलदलीतली झाडं गाळाखाली गाडली जातात. वर थरांवर थर चढतात. जितकं खोल, तितकं गरम, आणि त्या उष्णतेने लाकडाचा कोळसा होतो. कोळसा जितका जास्त तापलेला, तितका जास्त चकाकतो, आणि ती चकाकी मोजता येते. घासलेल्या तुकड्यावर तेलाचा थेंब टाकायचा, त्यात भिंग टेकवायचं, प्रकाश सोडायचा आणि शंभर भागांतला किती परत आला ते वाचायचं. कच्च्या कोळशातून अर्धा भागही येत नाही. पिकलेल्यातून एक, दीड. असे शंभर कण मोजायचे. त्या आकड्यांवरून मी संगणकावर उलटी वाट काढते. हा थर कधी, किती खोल गेला होता आणि नंतर किती वर आला, याची एक रेघ उमटते. रेघ वर येते याचा अर्थ माथ्यावरचे थर झिजून गेले. ते कुठेही सापडत नाहीत. ते होते याला पुरावा एवढाच, की खालचा कोळसा गरजेपेक्षा जास्त पिकलेला आहे. वर आल्यावर तो थंड होतो, पण पुन्हा कच्चा होत नाही.

सात नंबरच्या बोअरमध्ये सहाशे मीटरच्या खाली घोळ होता. बोअरमधून वर येतो तो चुरा, आणि त्या चुऱ्यात दोन तऱ्हेचे कण होते. काहींचा आकडा ०.४३च्या आसपास, काहींचा ०.९च्या. मी म्हणत होते, कच्चे कण तिथले मूळचे आणि पिकलेले कुठल्या तरी जुन्या डोंगरातून नदीने वाहून आणलेले. बाबा नेमकं उलट म्हणत होते. पिकलेले मूळचे आणि कच्चे वरून, बोअर खणताना भिंतीतून ढासळून पडलेले.

माझं खरं असेल तर चित्र सरळ होतं, काहीच हरवलं नव्हतं. त्यांचं खरं असेल तर त्या सपाट मुलखाच्या डोक्यावर कधीकाळी दोन किलोमीटर जाडीचा दगड होता आणि तो पार नाहीसा झाला होता. मग माझा दीड वर्षांचा अहवाल पहिल्या पानापासून बदलावा लागणार होता.

"वाहून आलेल्या कणांच्या कडा झिजतात," बाबा म्हणाले होते. "ह्यांच्या कडा बघ, फुटक्या काचेसारख्या आहेत."

"मला तर गोलच दिसतात."

"मग तुला चष्मा लागला."

"मला?"

ते हसले. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता हे आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यांच्या मोजणीचा कागद मी तेव्हा संगणकात उतरवला. आकडे ०.३ पासून १.२ पर्यंत कुठेही पसरलेले. सराईत माणसाच्या आकड्यांचा आलेख सुळक्यासारखा येतो. हा वाळूचा ढीग कोणी पायाने पसरवावा तसा होता. मी बराच वेळ बघत बसले आणि मग त्यांचा कागद फाइलच्या तळाशी ठेवला. मोजणी मी स्वतः केली, कच्चे कण धरले, पिकलेले सोडले.

आढावा बैठकीत मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, विचारलं, "तुमच्या वडिलांचे आकडे दिसत नाहीत?"

मी म्हणाले, "त्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही."

एवढंच वाक्य. मॅडमनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. त्यानंतर बाबांकडे नमुने जायचे थांबले. महिन्याभराने जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हल्ली काम कमी झालंय का गं?"

"हो ना. सगळीकडेच."

"तरीच," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

त्यांना एका फटक्यात दुखवण्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला समजावलं होतं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

पुढच्या बुधवारी साडेअकरा वाजले. दार उघडलं, पण आत आले ते पॉलिशवाले काका, दोन कप घेऊन. दुसरा कप कोणासाठी आणला हे त्यांच्या आत आल्यावर लक्षात आलं असावं. थोडा वेळ ते दोन्ही कप हातात धरून उभे राहिले. मग एक माझ्यापुढे ठेवला.

"मोजलास का तो तुकडा?"

"नाही अजून."

"तीन बुधवार गोदामात घालवलेत आम्ही त्याच्यापायी. पेट्या उचलणार मी, धूळ खाणार मी, आणि तुझे बाबा नुसते स्टुलावर बसून 'ही नव्हे, पुढची, ही नव्हे, पुढची.' शेवटी म्हटलं, साहेब, मी काय अंड्यांची खोकी उचलतोय का?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, अंडी असती तर तुला हात लावू दिला नसता." काका खिडकीबाहेर बघू लागले. "घासूनसुद्धा त्यांनी तीनदा घेतला माझ्याकडून. ओरखडा दिसतोय म्हणाले. मला दिसत नव्हता. भिंगाखाली धरला, तर खरंच होता."

मी कप खाली ठेवला. "काका, तेलाची नवी बाटली आहे का?"

"कालच फोडलीय. जुनं पिवळं पडलं होतं."

मी खण उघडला. पाकीट बाजूला ठेवलं, तुकडा बसवला, प्रमाण काचेवर यंत्र जुळवलं, तेलाचा थेंब सोडला. खोलीत दिवा बंद होता. भिंगातून आधी सगळं करडं दिसतं, मग केंद्र, म्हणजे फोकस, जुळलं की करड्यातले करडे वेगळे होतात. पहिला आकडा ०.९०. दुसरा ०.९२. तिसरा ०.८९.

दहाव्या आकड्याला मला कळलं. विसाव्याला शंका उरली नाही. हा चुरा नव्हता, अख्खा गाभा होता, त्यात वरून काही ढासळून पडण्याचा प्रश्नच नव्हता. कच्चे कण इथले मूळचे असते तर या पट्ट्यात दिसायलाच हवे होते. एकही नव्हता. आणि नदीने आणलेले कण असा सलग पट्टा करत नाहीत. तिथे वाढलेल्या झाडांचाच तो कोळसा होता, आणि तो कधीतरी फार खोल जाऊन आला होता.

तरी मी शंभर पूर्ण केले. नियम तो नियम. दोन तास लागले. मधे काका डोकावले आणि काही न विचारता दार लोटून गेले. सरासरी ०.९१ आली. मी ती पेन्सिलीने लिहिली, खाली सही केली, तारीख घातली आणि पाकीट फोडलं.

बाबांचं अक्षर बारीक आणि उभट होतं. ओळीत दहा-दहा आकडे. सरासरी ०.९१. पण कागदावर शंभराहून बरेच जास्त आकडे होते. मी मोजले, एकशे सदतीस. त्यांतल्या काही आकड्यांच्या डोक्यावर एकेक बारीक ठिपका होता. ठिपकेवाले सदतीस भरले. हे आकडे वेडेवाकडे होते, ०.७, १.१, एक तर ०.४. बिनठिपक्याचे बरोबर शंभर, आणि ते सगळे ०.८७ आणि ०.९५च्या मधे.

कागद उलटला तर मागे एक ओळ होती. "ठिपकेवाले आकडे धरू नयेत. तिथे केंद्र नीट जुळत नव्हतं. शंभर पुरे करायला जास्तीचे घेतले."

मी उठले आणि कपाटातून ती जुनी फाइल काढली. तळाचा कागद, आठ महिन्यांपूर्वीचा. ठिपके त्यावरही होते. मी ते तेव्हा पाहिलेही होते. पेन टेकवून ठेवायची सवय लागली असेल, म्हातारपणी लागते, असं मनाशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवलं. मी तो कागद उलटला. मागे तीच ओळ, त्याच अक्षरात.

दुहेरी मोजणीत कागदाबद्दल तोंडाने काही बोलायचं नाही, जे सांगायचं ते कागदावर लिहायचं, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं. मी एका बाजूचे आकडे उतरवून घेतले आणि थांबले.

संगणकावर त्यांची जुनी मोजणी पुन्हा उघडली. ठिपकेवाले आकडे एकेक करून पुसले. पसरलेला ढीग आत आत येत गेला आणि त्याचे दोन सुळके झाले. एक ०.४३वर, एक ०.९२वर. माझ्या स्वतःच्या कुठल्याही आलेखापेक्षा नेटके.

मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. मी तेल पुसलं, भिंग पुसलं, झाकण घट्ट केलं आणि मॅडमच्या खोलीत गेले.

"सात नंबरचा अहवाल परत घ्यायचाय," मी म्हणाले.

"आता? तो पुढे गेलाय."

"चूक आहे. दोन किलोमीटरची."

त्यांनी चष्मा काढला. "दोन किलोमीटरची चूक म्हणजे, बाई, आपण चुकून शेजारच्या गावात उभ्या आहोत." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खुर्चीकडे हात केला. "बसा. कोणी काढली?"

"बाबांनी. आठ महिन्यांपूर्वी."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, त्यांची नजर..."

"ते मी चुकीचं सांगितलं."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. नवीन रेघ काढा. त्यांचं नाव मोजणीत घालायचं का?"

"पहिलं घाला."

इतकं बोलणं सोपं गेलं. कागदावरची चूक कागदावर दुरुस्त करता येते.

घरी पोहोचले तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. दारापाशी बाबांचे बूट जिथल्या तिथे होते. आईने ते हलवले नव्हते, की मला हलवू दिले नव्हते. रोज झाडताना ती त्यांच्या भोवतीने झाडते. आई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. मी समोर बसले आणि एक मूठ माझ्याकडे ओढली.

"आज लवकर?"

"झालं काम."

"तोंड बघ जरा आरशात. खाल्लंस काही?"

"चहा झाला काकांबरोबर."

"चहा म्हणजे खाणं नव्हे, हे तुझ्या बाबांना चाळीस वर्षं सांगून थकले. आता तुझ्यावर तोंड वाजवायचं." तिने एक शेंग अंगठ्याने फोडली. "डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला होता."

"कशाला?"

"त्या गुरुवारी आले नाहीत, पुढची तारीख देऊ का, म्हणून. मी सांगितलं काय ते. मुलगी बिचारी घाबरली, सॉरी सॉरी करत राहिली. मीच तिला म्हटलं, असू दे गं."

"बाबा डोळ्यांच्या दवाखान्यात चालले होते? त्या दिवशी?"

"तुला सांगू नको म्हणाले होते. उजव्या डोळ्याचं करून घेतो म्हणाले, डावा अजून बरा आहे, पण काम परत सुरू झालं की आपण तयार असलेलं बरं." आई वाटाण्यांकडेच बघत होती. "मी म्हटलं, अहो, निवृत्त झालात, आता काय मेडल घ्यायचंय का? तर म्हणाले, मेडल नको, बुधवार पाहिजे."

हातातली शेंग रिकामी होती, तरी मी ती चाचपत होते. गॅलरीतलं ऊन बुटांपर्यंत आलं होतं. डाव्या बुटाची नाडी फरशीवर लोळत होती.

"एक विचारू?" आई म्हणाली. "शेवटी शेवटी फार गप्प असायचे. दुपारी खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे आणि बसच्या वेळा म्हणून दाखवायचे, कुठे जायचं नसलं तरी. मला सारखं वाटायचं, यांच्या हातून काही चुकलं की काय तिथे, आणि मला सांगत नाहीत. काम खरंच कमी झालं होतं ना गं?"

हो म्हणणं आताही सोपं होतं. आठ महिन्यांपूर्वी याच टेबलाशी म्हटलंच होतं. आईने मान वर केली आणि वाट बघत राहिली. मी शेंग खाली ठेवली. आवाज माझाच होता, पण तो बाहेर पडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"नाही, आई. काम होतं. दर आठवड्याला होतं. बाबांच्या हातून काही चुकलं नाही. मीच मॅडमना सांगितलं, त्यांना नीट दिसत नाही म्हणून. आणि बाबांना सांगितलं, काम नाही म्हणून. त्यांना दिसत होतं, आई. कुठे दिसत नाही ते त्यांनी लिहूनसुद्धा ठेवलं होतं. मी त्यांचा कागद उलटून पाहिला नाही."